‘सर्वांचे गोल्फ’ नेमके कोणाचे?

चित्रपट संपल्यावर पडद्यावर सरकणारी नामावली फार थोडे प्रेक्षक वाचतात. तरीही चित्रपटाचा दिग्दर्शक कोण, हे बहुतेकांना ठाऊक असते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव असते, गाण्यामागे संगीतकाराचे. व्हिडिओ गेमच्या दुनियेत मात्र अशी सोय नाही. तिथे खेळणाऱ्याला खेळाचे नाव माहीत असते, ज्या यंत्रावर तो खेळला जातो त्या यंत्राचे नाव माहीत असते, आणि फार तर तो बाजारात आणणाऱ्या कंपनीचे नाव माहीत असते. ज्यांनी वर्षानुवर्षे खपून तो घडवला ती मंडळी वेष्टनाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत उरतात.

जपानमधील योकोहामा येथील ‘क्लॅप हॅन्झ’ हा असाच एक छोटा स्टुडिओ. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने पुढची वीस वर्षे जवळजवळ एकच काम केले : सोनीच्या प्लेस्टेशन या यंत्रासाठी गोल्फचे आणि अधूनमधून टेनिसचे खेळ तयार करणे. हे खेळ दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या यंत्रावर मिळत नसत. जपानी भाषेत या मालिकेचे नाव ‘मिन्ना नो गोल्फ’, म्हणजे ‘सर्वांचे गोल्फ’. युरोपात ती ‘एव्हरीबडीज गोल्फ’ या नावाने विकली गेली आणि अमेरिकेत प्रदीर्घ काळ ‘हॉट शॉट्स गोल्फ’ या नावाने. नावात ‘सर्व’ असले तरी खेळ एकाच यंत्रापुरता होता. तो नेमका कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर मिळायला वीसहून अधिक वर्षे जावी लागली. आणि ते उत्तर क्रीडाविषयक गेम तयार करू पाहणाऱ्या कुठल्याही छोट्या संस्थेने, मग ती योकोहामातील असो वा पुण्या-मुंबईतील, समजून घ्यावे असे आहे.

यंत्र आणि खेळ यांचे नाते

प्रथम कन्सोल म्हणजे काय ते पाहू. दूरचित्रवाणी संचाला जोडून केवळ गेम खेळण्यासाठी वापरला जाणारा संगणक, अशी त्याची ढोबळ व्याख्या करता येईल. सोनीचे प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोची वेगवेगळी यंत्रे ही त्याची ठळक उदाहरणे. हे यंत्र विकून कंपनीला होणारा नफा बहुधा तुटपुंजा असतो. नव्या यंत्राच्या आरंभीच्या काळात तर पुष्कळदा तोटाच सोसावा लागतो. खरी कमाई होते ती त्यावर विकल्या जाणाऱ्या खेळांतून. बाहेरच्या प्रकाशकाने आपला गेम त्या यंत्रासाठी विकला, की प्रत्येक प्रतीमागे यंत्राच्या मालकाला वाटा द्यावा लागतो. ऑनलाइन दुकानांतून होणाऱ्या विक्रीत हा वाटा सर्वसाधारणपणे तीस टक्क्यांच्या आसपास धरला जातो.

साहजिकच, ग्राहकाने आपलेच यंत्र घ्यावे यासाठी कंपन्यांमध्ये चुरस असते. दोन यंत्रांची ताकद सारखी असेल, तर ग्राहक कोणते निवडेल? ज्यावर त्याला हवा असलेला खेळ मिळतो ते. म्हणूनच ‘हा खेळ केवळ आमच्याच यंत्रावर’ असे सांगता येणे ही या धंद्यातील मोठी शिदोरी मानली जाते. असे खेळ दोन प्रकारे मिळवले जातात. एक तर कंपनी स्वतःच्या मालकीचे स्टुडिओ चालवते. किंवा मग एखाद्या स्वतंत्र स्टुडिओला पैसा पुरवून त्याच्याकडून खेळ करून घेते. दुसऱ्या प्रकारात स्टुडिओ कागदोपत्री स्वतंत्र असतो, त्याचे कर्मचारी आणि त्याचे कार्यालय त्याचे असते. पण खेळाचे नाव, त्यातील पात्रे आणि पुढचा भाग काढायचा की नाही याचा निर्णय बहुधा पैसा देणाऱ्याकडे राहतो. क्लॅप हॅन्झचे सोनीशी असलेले नाते या दुसऱ्या प्रकारात मोडणारे होते.

छोट्या संस्थेच्या दृष्टीने या व्यवस्थेत लाभ थोडेथोडके नाहीत. खेळ तयार होण्यास दोन-तीन वर्षे लागतात. तेवढा काळ पगार कुठून द्यायचा, ही विवंचना मिटते. जाहिरात, छपाई, वितरण, निरनिराळ्या भाषांतील रूपांतर ही सारी कामे मोठी कंपनी पाहते. शिवाय तांत्रिक सोय फार मोठी. वैयक्तिक संगणकासाठी गेम करायचा, तर ग्राहकांकडे असणाऱ्या असंख्य प्रकारच्या यंत्रांवर तो नीट चालेल याची काळजी घ्यावी लागते. एकाच कन्सोलसाठी गेम करताना प्रत्येक घरातील यंत्र जवळपास सारखेच असते. त्याचा कानाकोपरा ओळखून त्यातून जास्तीत जास्त काम काढता येते. मोजक्या माणसांच्या संस्थेसाठी ही सोय म्हणजे निम्मी लढाई जिंकल्यासारखे आहे.

गोल्फच का?

छोट्या स्टुडिओने फुटबॉल किंवा बास्केटबॉल सोडून गोल्फ का निवडावे, हे क्रिकेटशी तुलना केली की चटकन उमगते. क्रिकेटच्या गेममध्ये मैदानावर एका वेळी तेरा खेळाडू असतात. चेंडू टोलवला गेला की कोणत्या क्षेत्ररक्षकाने धावायचे, झेल घ्यायचा की चेंडू अडवायचा, फेक कोणत्या टोकाला करायची, दुसरी धाव घ्यायची की नाही, हे सारे संगणकाला क्षणार्धात ठरवावे लागते आणि ते माणसांसारखे दिसावे लागते. एखादा क्षेत्ररक्षक चेंडू शेजारून जात असताना स्तब्ध उभा राहिला, की खेळाची रंगत तिथेच संपते. गोल्फमध्ये एक खेळाडू, एक काठी आणि एक स्थिर चेंडू. प्रतिस्पर्धी त्याच वेळी आडवा येत नाही. संगणकाला प्रामुख्याने हिशेब करायचा असतो तो चेंडूच्या उड्डाणाचा, वाऱ्याचा आणि जमिनीच्या उताराचा. थोड्या माणसांना हे काम उत्तम रीतीने करता येते.

दुसरे कारण परवान्यांचे. खऱ्या संघांची, खेळाडूंची आणि मैदानांची नावे वापरायची तर त्यांच्या संघटनांना मोठ्या रकमा मोजाव्या लागतात. अमेरिकेतील ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ने २००४ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगशी अनन्य करार केला आणि खऱ्या संघांसह त्या खेळाचे गेम काढण्याचा प्रतिस्पर्ध्यांचा मार्गच बंद झाला. अशा बाजारात छोट्या संस्थेचा निभाव लागणे कठीण. गोल्फचे तसे नाही. डोंगर, तळे, वाळूचे खड्डे आणि हिरवळ यांवर कोणाचा मालकी हक्क नाही. कल्पनेतली मैदाने खऱ्या मैदानांइतकीच रंजक असू शकतात. ‘मिन्ना नो गोल्फ’ने तेच केले. मोठ्या डोक्याची, हसऱ्या चेहऱ्यांची व्यंगचित्रांतून उतरल्यासारखी पात्रे आणि कल्पित मैदाने. नामवंत खेळाडूंची जागा या पात्रांनी घेतली.

तिसरे कारण घरगुती आहे. गोल्फ आळीपाळीने खेळला जातो. त्यामुळे घरात एकच कंट्रोलर असला, तरी तो हातोहात फिरवत चार जणांना सामना खेळता येतो. आजोबांना आणि नातवाला एकाच पातळीवर आणणारे खेळ या माध्यमात फार नाहीत. गोल्फ त्यांपैकी एक ठरला.

तीन वेळा दाबायचे बटन

मुळात गोल्फचा फटका एका बटनावर कसा आणायचा? १९८४ मध्ये निन्टेन्डोच्या ‘गोल्फ’ या साध्याच नावाच्या गेमने याचे उत्तर लोकप्रिय केले. पुढे निन्टेन्डोचे अध्यक्ष झालेले सातोरू इवाता हे त्या गेमचे प्रोग्रामर होते. पडद्यावर एक आडवी पट्टी दिसते. बटन दाबले की तीवर एक खूण सरकू लागते. हवा तितका जोर आला की दुसऱ्यांदा दाबायचे. खूण परत फिरते आणि ती ठरलेल्या रेषेवर येताच तिसऱ्यांदा दाबायचे. तिसरी वेळ साधली तर चेंडू सरळ जातो. चुकली तर डावीकडे किंवा उजवीकडे भरकटतो.

ही युक्ती वरवर पाहता बाळबोध वाटते. पण तिच्यात खऱ्या खेळाचे मर्म उतरले आहे. गोल्फमध्ये शक्तीपेक्षा लय महत्त्वाची. काठी मागे नेणे आणि नेमक्या क्षणी चेंडूवर आणणे या दोन हालचालींतील ताल साधणे हेच कौशल्य. तीन वेळा दाबण्याच्या या पद्धतीत तोच ताल बोटांच्या टोकाशी येतो. नवख्याला ती पाच मिनिटांत समजते आणि तरबेज व्हायला मात्र महिने लागतात. ‘मिन्ना नो गोल्फ’ मालिकेने ही पद्धत शोधली नाही. तिने ती घोटून घोटून गुळगुळीत केली. चेंडू कुठे पडला आहे, गवत किती दाट आहे, वारा कोणत्या दिशेचा आहे, काठी कोणती निवडली आहे यांचा परिणाम खेळणाऱ्याला न सांगता कळावा, यावर भर दिला गेला. छिद्राजवळील हिरवळीचा उतार दाखवण्यासाठी जाळी आखणे, फटका अचूक बसताच तसा आवाज येणे, अशा बारीकसारीक गोष्टींतूनच या मालिकेची ओळख घडली. असे काम एकदा करून संपत नाही. तेच ते पुन्हा करत, दर खेपेस थोडे सुधारत जाणाऱ्या कारागिराचे ते काम आहे. कुंभाराच्या चाकावर एकच घडा हजारदा उतरावा, तसे.

एका छपराखालची वीस वर्षे

या मालिकेचा १९९७ मधील पहिला खेळ क्लॅप हॅन्झने केलेला नाही, हे येथे नमूद करायला हवे. तो ‘कॅमेलॉट’ या दुसऱ्या जपानी स्टुडिओने केला होता. दुसऱ्या भागापासून, म्हणजे १९९९ पासून, मालिकेची धुरा क्लॅप हॅन्झकडे आली. त्यानंतर प्लेस्टेशन २ साठी २००१ मध्ये तिसरा आणि २००३ मध्ये चौथा भाग आला. प्लेस्टेशन ३ साठी २००७ मध्ये पाचवा. दरम्यान, २००६ मध्ये याच धाटणीचा टेनिसचा गेमही झाला.

सोनीला या खेळाचे मोल किती वाटत होते, याचा पुरावा दोन तारखांत आहे. १२ डिसेंबर २००४ रोजी सोनीने ‘प्लेस्टेशन पोर्टेबल’ हे आपले पहिले हाती धरायचे यंत्र जपानमध्ये विक्रीस आणले, तेव्हा पहिल्याच दिवशी दुकानांत असलेल्या मोजक्या खेळांत ‘मिन्ना नो गोल्फ पोर्टेबल’ होता. १७ डिसेंबर २०११ रोजी त्याचे उत्तराधिकारी ‘प्लेस्टेशन व्हिटा’ आले, तेव्हाही सोबत ‘मिन्ना नो गोल्फ ६’ होता. नवे यंत्र आणताना त्याच्यासोबत असा एखादा खेळ लागतो, जो कोणालाही पाहताक्षणी समजेल, लहान-थोर कोणालाही वर्ज्य वाटणार नाही आणि प्रवासात दहा मिनिटे मिळाली तरी खेळता येईल. शिवाय तो ठरल्या तारखेला तयार असला पाहिजे. एकाच विषयात मुरलेला छोटा स्टुडिओ हे वचन पाळू शकतो, आणि म्हणूनच मोठी कंपनी त्याला धरून ठेवते.

२०१७ मध्ये प्लेस्टेशन ४ साठी आलेल्या ‘एव्हरीबडीज गोल्फ’मध्ये स्टुडिओने मालिकेची घडीच बदलली. खेळणाऱ्याने आपले पात्र स्वतः घडवायचे आणि आंतरजालावरून आलेल्या इतर खेळाडूंसोबत मैदानावर मनमुराद हिंडायचे, अशी ती रचना होती. २०१९ मध्ये डोळ्यांवर चढवायच्या आभासी उपकरणासाठी याच खेळाची आणखी एक आवृत्ती आली. क्लॅप हॅन्झ आणि सोनी यांच्या सहवासाला तोवर वीस वर्षे झाली होती. इतका दीर्घ सहवास असला की ‘हा आपलाच खेळ’ अशी भावना होणे स्वाभाविक आहे. कायद्याच्या कागदावर मात्र भावनेची नोंद होत नसते.

कॅमेलॉटची वाट

ज्या कॅमेलॉटने पहिला खेळ केला, त्याची वाट जरा निराळी. हिरोयुकी आणि शुगो ताकाहाशी या बंधूंच्या नेतृत्वाखालील या संस्थेने १९९० च्या दशकाच्या आरंभी सेगा कंपनीसाठी ‘शायनिंग’ मालिकेतील भूमिकाप्रधान खेळ केले होते. सोनीसाठी गोल्फचा खेळ केल्यानंतर ती निन्टेन्डोकडे वळली. १९९९ मध्ये तिने ‘मारियो गोल्फ’ केला आणि २००० मध्ये ‘मारियो टेनिस’. सोनीच्या यंत्रावर कमावलेले कौशल्य तिने नव्या यजमानाकडे नेले. नाव आणि पात्रे मात्र पुन्हा यजमानाचीच होती.

‘मारियो टेनिस’च्या निमित्ताने घडलेली एक गोष्ट या साऱ्या व्यवस्थेवर प्रकाश टाकते. दुहेरी सामन्यांत मारियोला त्याचा भाऊ लुइजी जोडीदार म्हणून होता. पण वारियो या खलपात्राला जोडीदार नव्हता. ती उणीव भरून काढण्यासाठी कॅमेलॉटमध्ये ‘वालुइजी’ हे उंच, काटकुळे, जांभळ्या टोपीचे पात्र जन्माला आले. आज जगभरातील मुले त्याला ओळखतात. त्याच्यावर हक्क निन्टेन्डोचा आहे. यात अन्याय झाला असे म्हणता येणार नाही. करारच तसा असतो, आणि दोन्ही पक्षांनी तो डोळसपणे केलेला असतो. परंतु कल्पना सुचणारा मेंदू एकीकडे आणि तिच्यापासून पुढची पंचवीस वर्षे मिळणारे उत्पन्न दुसरीकडे, हे या धंद्याचे मूलभूत गणित आहे. ते ध्यानात घेतले की पुढील घटनांचा अर्थ लागतो.

एप्रिल २०२१

२०२१ चा एप्रिल महिना कन्सोलपुरत्या मर्यादित क्रीडा-गेमच्या इतिहासात लक्षणीय ठरला. १ एप्रिल रोजी सोनीच्या ‘जपान स्टुडिओ’ची पुनर्रचना अमलात आली. जपानमधील अनेक छोट्या स्टुडिओंना हाताशी धरून खेळ करून घेणारी हीच ती शाखा. ती आक्रसली आणि ‘टीम असोबी’ या एकाच गटाभोवती काम केंद्रित झाले. दुसऱ्याच दिवशी, २ एप्रिल रोजी, अॅपलच्या ‘आर्केड’ या वर्गणी घेऊन गेम पुरवणाऱ्या सेवेवर ‘क्लॅप हॅन्झ गोल्फ’ हा नवा खेळ अवतरला. खेळाच्या नावातच प्रथमच स्टुडिओचे नाव होते. कंट्रोलरऐवजी आता फोनचा काचेचा पडदा होता. त्यामुळे तीन वेळा दाबायच्या बटनाऐवजी बोट मागे ओढून पुढे झटकायचे, अशी नवी लय स्टुडिओला घडवावी लागली. पात्रे नवी, मैदाने नवी; पण जाणकाराला हात ओळखू येत होता. पुढच्या वर्षी हाच खेळ ‘इझी कम इझी गोल्फ’ या नावाने निन्टेन्डोच्या स्विच यंत्रावरही आला.

त्याच महिन्यात सोनीच्याच सॅन डिएगो स्टुडिओची बेसबॉलची मालिका ‘एमएलबी द शो’ इतिहासात प्रथमच प्रतिस्पर्धी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर विक्रीस आली. २००६ पासून ‘द शो’ या नावाने चालत आलेली ही मालिका तोवर सोनीच्या यंत्रांबाहेर पडली नव्हती. मग सोनीला अचानक औदार्य सुचले काय? तसे नव्हे. खेळाचा परवाना अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉल या संघटनेचा होता, आणि अधिकाधिक प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्यात तिचे हित होते. २०१९ च्या डिसेंबरमध्ये कराराचे नूतनीकरण जाहीर झाले, तेव्हाच इतर यंत्रांचा उल्लेख त्यात होता. नाव ज्याचे, त्याचा शब्द अंतिम. मग समोर बलाढ्य सोनी का असेना.

याच नियमाची उलटी बाजू २०२२ मध्ये दिसली. फिफा ही जागतिक फुटबॉल संघटना आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्स यांची जवळपास तीन दशकांची भागीदारी संपुष्टात येत असल्याचे त्या वर्षी जाहीर झाले. २०२३ पासून तोच खेळ ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ या नव्या नावाने निघू लागला. गेम करणाऱ्या कंपनीकडे स्वतःचे तंत्र, क्लब आणि खेळाडूंशी स्वतंत्र करार आणि कोट्यवधी ग्राहक होते. म्हणून नाव गेले तरी खेळ टिकला. छोट्या स्टुडिओकडे यांपैकी केवळ पहिली गोष्ट असते.

नाव पुढे गेले, हात मागे राहिले

२०२२ च्या सप्टेंबरअखेरीस प्लेस्टेशन ४ वरील ‘एव्हरीबडीज गोल्फ’चे सर्व्हर सोनीने बंद केले. एकट्याने खेळण्यापुरता खेळ उरला. पण इतर खेळाडूंसह मैदानावर हिंडण्याची, जी त्याची खरी गंमत होती, ती सोय संपली. जो खेळ एकाच यंत्रावर आणि एकाच कंपनीच्या सर्व्हरवर जगतो, त्याचे आयुष्यही त्या कंपनीच्या ताळेबंदाशी बांधलेले असते, हे यातून दिसते. पुस्तक छापील प्रतीत उरते, चित्रपट एका माध्यमातून दुसऱ्यात उतरवता येतो. यंत्राशी जखडलेल्या खेळाला ही मुभा सहसा नसते.

आणि मग २०२५ चा सप्टेंबर उजाडला. ‘एव्हरीबडीज गोल्फ हॉट शॉट्स’ नावाचा नवा खेळ बाजारात आला. युरोपी आणि अमेरिकी अशी दोन्ही जुनी नावे त्यात एकत्र गुंफलेली होती. प्रकाशक होती ‘बांदाई नामको’ आणि घडवणारा स्टुडिओ होता ‘हाइड’. हा खेळ प्लेस्टेशन ५ बरोबरच निन्टेन्डो स्विच आणि वैयक्तिक संगणकावरही उपलब्ध करण्यात आला. ‘सर्वांचे गोल्फ’ अखेर नावाप्रमाणे सर्वांच्या जवळ आले. फक्त, ज्यांनी दुसऱ्या भागापासून वीस वर्षे ते घडवले, त्यांचा हात त्यात नव्हता. नाव हस्तांतरित करता येते, ते कागदावर असते. सवयीने कमावलेली लय अशी करारपत्राने देता येत नाही. ती ज्याची त्याच्याजवळच राहते. दोन्ही गोष्टींना किंमत आहे, पण बाजारात पहिलीला भाव मिळतो, दुसरीला केवळ काम मिळते.

आपल्याकडे काय?

हा सारा प्रपंच जपानी म्हणून दूरचा मानण्याचे कारण नाही. प्लेस्टेशन २ भारतात लोकप्रिय असताना सोनीने येथील स्टुडिओंकडून खास भारतीय खेळ करवून घेतले होते. हैदराबादच्या गेमशास्त्रने २००९ मध्ये ‘देसी अड्डा’ केला. त्यात कबड्डीसारखे आपले मातीतले खेळ होते. मुंबईच्या ‘ट्राइन गेम्स’ने २०१० मध्ये ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ हा गल्ली क्रिकेटचा खेळ केला आणि २०१२ मध्ये त्याचा दुसरा भाग. गल्ली क्रिकेटची निवड चतुर होती. त्यात राष्ट्रीय संघांचे परवाने लागत नाहीत, मोठी क्रीडांगणे लागत नाहीत आणि मुंबईच्या प्रत्येक मुलाला नियम पाठ असतात. योकोहामाच्या स्टुडिओने कल्पित मैदाने निवडण्यामागे जो विचार होता, तोच येथे दिसतो.

परंतु सोनीने २०१३ च्या आरंभापर्यंत प्लेस्टेशन २ चे उत्पादन थांबवले. त्या यंत्राच्या तबकड्या प्लेस्टेशन ४ किंवा ५ मध्ये चालत नाहीत. ज्याच्याकडे जुने यंत्र चालू स्थितीत आहे त्याच्यापुरतेच ते गल्ली क्रिकेट उरले. याउलट, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा ‘क्रिकेट ०७’ पाहा. तो कॅनडाच्या लुनेनबर्ग या किनाऱ्यावरील छोट्या गावातल्या ‘एचबी स्टुडिओज’ने केला होता. तो कन्सोलबरोबर वैयक्तिक संगणकावरही होता. त्यामुळे भारतातील हौशी मंडळींनी त्यात नवे संघ, नवे पोशाख आणि नव्या स्पर्धा स्वतःच भरत वर्षानुवर्षे त्याला जिवंत ठेवले. खेळ कोणत्या दर्जाचा, याइतकेच तो कोणत्या कुलपात बंद आहे, यावरही त्याचे आयुष्य ठरते, हे या दोन उदाहरणांवरून उघड होते.

आता भारतीय क्रीडा-गेमचा ओघ कन्सोलकडून फोनकडे वळला आहे. ‘रियल क्रिकेट’ करणारी ‘नॉटिलस मोबाइल’ ही संस्था २०२० मध्ये पुण्याच्या जेटसिंथेसिसने घेतली आणि २०२५ मध्ये तिच्यावर नियंत्रण मिळवण्याइतका वाटा दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने घेतला. येथे फरक असा की खेळाचे नाव स्टुडिओच्या हाती होते, म्हणूनच ते विकता आले. दुसरीकडे, सोनीने २०२३ मध्ये ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’ जाहीर करून भारतीय स्टुडिओंना आर्थिक आणि तांत्रिक पाठबळ देण्याचा उपक्रम सुरू केला. म्हणजे मोठ्या छपराखाली जाण्याची संधी आपल्या तरुणांपुढे पुन्हा आली आहे.

अशा वेळी छप्पर नाकारावे, असा सल्ला कोणी देणार नाही. सोनीचा आधार नसता, तर क्लॅप हॅन्झला एकाच खेळावर वीस वर्षे हात बसवण्याची मुभा मिळाली असती का, याची शंकाच आहे. प्रश्न इतकाच की सही करण्यापूर्वी काही कलमे नीट वाचलेली असावीत. खेळाचे नाव कोणाचे? पात्रे कोणाची? खेळ चालवणारे मूळ सॉफ्टवेअर दुसऱ्या कामासाठी वापरता येईल का? ठरावीक वर्षांनंतर इतर यंत्रांवर जाण्याची मोकळीक आहे का? पुढचा भाग निघाल्यास पहिली विचारणा कोणाला? पैशाची निकड असताना हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. भाडेकरू घराच्या भिंती रंगवताना जागेच्या कराराचा विचार करत नाही, तसेच हे. घर सोडण्याची वेळ येते तेव्हा मात्र रंग भिंतीवरच राहतो.

क्लॅप हॅन्झने ते घर सोडले आणि नव्या जागी स्वतःच्या नावाची पाटी लावली. ‘क्लॅप हॅन्झ’ या शब्दांतून टाळ्यांचा अर्थ ध्वनित होतो. बाजारात मालिकेच्या नावाला टाळ्या मिळत राहतील आणि त्या मिळाव्यातही. पण तिसऱ्या वेळी बटन नेमक्या रेषेवर दाबल्यावर जो समाधानाचा आवाज येतो, तो वीस वर्षे कोणी घडवला, हे खेळणाऱ्याला ठाऊक असणे एवढी दाद त्या कारागिरांना देणे लागते. पुढच्या वेळी एखादा खेळ हाती आला, तर वेष्टनाची मागची बाजूही वाचावी.